मराठीत बोला, पोर ऐकतेय

झाशीत मराठीवर भाषण हवं असलं की लोक मधुसूदन शिरढोणकरांकडे जात. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत दफ्तर सांभाळायला म्हणून इकडे आले. पुढे अमदानी गेली, दफ्तर गेलं, शिरढोणकर मात्र राहिले. मधुसूदनरावांचा आवाज खणखणीत होता आणि भाषण दरवर्षी जवळपास तेच असे. "जी भाषा आई भरवते, तिला घरातच उपाशी ठेवू नका!" या वाक्यावर ते थांबत, टाळ्या होत. मग व्यासपीठावरून उतरून ते नातीला म्हणत, "चलो बिट्टू, चप्पल पहनो, देर हो रही है."

ही नात म्हणजे मुग्धा, चौथीत शिकणारी. मुलगा सलील बँकेत होता. सून आभा जबलपूरच्या मराठी घरातली, एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. मुग्धा शाळेत जाऊ लागली तेव्हा घरात बैठक बसली आणि ठरलं की शाळेत इंग्रजी आहे, गल्लीत हिंदी आहे, त्यात मराठीचं ओझं नको. पोर गोंधळेल. 'गोंधळेल' हा शब्द खुद्द मधुसूदनरावांचा.

त्यांच्या पत्नी दुर्गाबाई तेवढ्या म्हणाल्या, "आम्ही भावंडं अंगणात बुंदेली बोलायचो, शाळेत हिंदी आणि घरात मराठी. कुणी गोंधळलं नाही."

"तेव्हाचं वेगळं होतं," मधुसूदनराव म्हणाले. काय वेगळं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून शिरढोणकरांच्या घरात मराठीला नवीनच काम मिळालं. मुग्धाला जे कळू द्यायचं नाही ते मराठीत बोलायचं. फ्रीजमध्ये आइस्क्रीम आहे हे मराठीत सांगितलं जाई. दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणायची असली की बेत मराठीत ठरे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सुनेचं पटत नाही, कोणता नातेवाईक किती चिकट आहे, सगळं मराठीत. गप्पा हिंदीत रंगल्या असताना मुग्धा खोलीत आली की कुणीतरी पटकन म्हणे, "मराठीत बोला, पोर ऐकतेय." आणि सगळे मराठीत शिरत. पाऊस आल्यावर लोक आडोशाला शिरतात तसे.

सलील आणि आभाला म्हाताऱ्यांपासून काही लपवायचं असलं तर ते इंग्रजीत बोलत. आभा मुग्धाशीही बहुतेक इंग्रजीतच बोले. म्हणजे घरात भाषा तीन होत्या आणि त्यांतल्या दोघींच्या पाठीमागे कुणी ना कुणी लपलेलं होतं.

दिवाळीपासून एक मोठी गोष्ट मराठीत चालली होती. मुग्धाला पाचवीपासून डेहराडूनकडच्या एका निवासी शाळेत ठेवायचं सलीलच्या मनात होतं. तिथली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, झाशीत राहून काय होणार, असं त्याचं म्हणणं. आभाचं मन एकदा इकडे, एकदा तिकडे. दुर्गाबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. पण पोरीसमोर हे बोलायचं कसं? 'हॉस्टेल' हा शब्द तर तिला कळणार.

तोडगा मधुसूदनरावांनी काढला. "वसतिगृह म्हणा," ते म्हणाले. "शुद्ध शब्द आहे. तिला सात जन्मांत कळायचा नाही."

तेव्हापासून जेवताना, चहा पिताना, मुग्धा समोर चित्रं रंगवत बसलेली असताना, वसतिगृहाची चर्चा मोकळेपणाने होऊ लागली. मुग्धा मान खाली घालून रंगवत असे.

फेब्रुवारीत मराठी दिनाचा कार्यक्रम आला. त्याच्या आधीच्या सभेत मधुसूदनरावांना कल्पना सुचली. भाषणं खूप झाली, आता घराघरांत जाऊन पाहू या, ज्या घरातली मुलं खरोखर मराठी बोलतात त्या घराला 'मायबोली कुटुंब' असा सन्मान देऊ या. कल्पना सगळ्यांना आवडली. परीक्षक तिथल्या तिथे ठरले. एक इंदुमतीबाई, जुन्या शिक्षिका, ज्यांच्यासमोर झाशीतली अर्धी मराठी मंडळी अजूनही सरळ बसत. दुसरे मंडळाचे सचिव विश्वंभर, वीज खात्यातले, उत्साही, पण मराठी जेमतेम. तिसरी रुचिरा, छावणीत राहणाऱ्या एका मेजरची बायको. ती मूळची साताऱ्याची, बदलीमुळे झाशीत आलेली, म्हणून निःपक्षपाती.

"सुरुवात अध्यक्षांच्याच घरापासून करू," इंदुमतीबाई म्हणाल्या.

मधुसूदनराव हसले. अध्यक्ष स्पर्धेत नसतात असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्या पडल्यावर मागे फिरायची त्यांना सवय नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी परीक्षक रविवारी येणार ही बातमी सांगितली. सलीलने डोक्याला हात लावला.

"बाबा, तिला एक वाक्य येत नाही. तुमच्याच मंडळात तुमची शोभा होणार."

"येत नाही तर बसवून घेऊ," मधुसूदनराव म्हणाले. "एक परिच्छेद पाठ करायचा. पुढे काही विचारलं तर पोर लाजते म्हणायचं."

"म्हणजे पोपट पाळायचा," दुर्गाबाई म्हणाल्या.

हे सगळं मुग्धासमोर, अर्थात मराठीत. ती पोळीचा तुकडा हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती.

मधुसूदनरावांनी परिच्छेद स्वतः लिहिला. त्यात 'अमृत', 'वारसा', 'धमन्या' असे शब्द होते. मुग्धा तो हिंदीच्या वळणाने वाचायची आणि 'ज्ञान' आलं की 'ग्यान' म्हणायची. मधुसूदनराव दुरुस्त करत, "ग्यान नहीं बेटा, द्न्यान! बोलो, द्न्यान!" मराठीचा तास संपूर्ण हिंदीत चाले. मुग्धा कंटाळून खिडकीबाहेर पाही. परिच्छेद काही बसेना.

रविवारी सकाळी मधुसूदनरावांनी हुकूम सोडला की परीक्षक जाईपर्यंत घरात फक्त मराठी. त्यानंतर घर एकदम शांत झालं. दुर्गाबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली. आभाने मुग्धाला परकर-पोलकं नेसवलं. ती त्यात अवघडून सोफ्याच्या कडेला बसली.

अकराच्या सुमारास तिघं आले. सलील दारात गेला.

"या, या. रस्त्यात काही परेशानी तर नाही झाली? बैठा ना... बसा."

"मी चहा करून राहिले आहे," आभा आतून म्हणाली आणि तिने जीभ चावली. मधुसूदनरावांच्या कपाळावर आठी उमटली. विश्वंभरला काहीच खटकलं नाही. तो म्हणाला, "वा भाभीजी, घरात पाय ठेवताच मराठी वातावरण वाटतं."

मुग्धाला उभं केलं. तिने हात मागे बांधले आणि सुरुवात केली. "मराठी ही माझी मायबोली. तिचा वारसा माझ्या धमन्यांत... धमन्यांत..." पुढचं आठवेना. मधुसूदनराव ओठ हलवून सुचवू लागले. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"पोर लाजते," सलील म्हणाला.

"राहू दे गं ते," रुचिरा हसून म्हणाली. तिने मुग्धाला शेजारी बसवून घेतलं. "मला सांग, तुला खिचडी आवडते का? की आजीने आमच्यासाठीच केलीय?"

मुग्धाने चमकून वर पाहिलं. आजवर तिच्यासमोर मराठीत पुष्कळ बोललं गेलं होतं. पण मराठीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"आवडते," ती म्हणाली. "पण शेंगदाणे कमी हवेत. आजी फार घालते. दादाजींच्या कवळीत अडकतात, मग ते चिडचिड करतात."

दुर्गाबाई खिचडीचं पातेलं हातात घेऊन दारातच थांबल्या.

"अगं, किती छान बोलतेस!" रुचिरा म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. मी खोलीत आले की सगळे मराठीत बोलायला लागतात."

"बघा!" विश्वंभर उत्साहाने म्हणाला. "मूल खोलीत आलं की मराठी! याला म्हणतात संस्कार."

"आणि काय काय बोलतात?" रुचिराने विचारलं. तिने ते सहज विचारलं होतं, त्यात काही डाव नव्हता.

मुग्धा मोकळी झाली. बरेच दिवस साठवलेलं बोलायला मिळाल्यावर माणूस होतं तशी. इंदुमतीबाईंना चहा एकदाच विचारायचा, कारण त्या तिसऱ्यांदाही नको म्हणत नाहीत, हे तिने सांगितलं. सीमा मावशीचं लग्न का मोडलं ते सांगितलं. पापांच्या साहेबाला घरी दुष्काळी म्हणतात, हे सांगितलं. मग विश्वंभरकडे बोट करून म्हणाली, "आणि हे काका येऊन गेले की दादाजी म्हणतात, उथळ पाण्याला खळखळाट फार."

मधुसूदनरावांचा चेहरा पांढरा पडला.

विश्वंभर मात्र खुर्चीत पुढे सरकला. "अरे वा! म्हणी पण येतात! आणि 'ळ' किती स्वच्छ! आमच्या घरी सगळे 'ल' म्हणतात." त्याने मधुसूदनरावांकडे पाहून हात जोडले. "माझ्या संदर्भात एवढी सुंदर म्हण काढता, हे मला माहीतच नव्हतं मधुसूदनजी."

इंदुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या खोकत होत्या की हसत होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"मुग्धा, गो टू युअर रूम. नाऊ," आभा दात आवळून म्हणाली.

मुग्धा रुचिराला समजावून सांगू लागली, "हे इंग्लिश आहे. हे आजीला कळू नये म्हणून असतं."

"मला कळतं हो तेही," दुर्गाबाई दारातूनच म्हणाल्या. "पहिल्यापासून कळतं. कुठे वाद घालायचा म्हणून गप्प बसते."

सलीलने खाली पाहिलं. त्याला कोणकोणत्या गोष्टी आठवत होत्या ते त्याच्या कानांच्या लालीवरून दिसत होतं.

मुग्धाने रुचिराचा हात धरला. तिचा आवाज आता खाली आला होता. "मावशी, तुम्हाला खूप मराठी येतं ना? एक शब्द विचारू? वसतिगृह म्हणजे काय?"

रुचिरा गोंधळली. "का गं?"

"मला पाचवीत तिथे ठेवणार आहेत. पापा म्हणतात ठेवू, आजी म्हणते नको. मम्मी रात्री रडते आणि सकाळी म्हणते ठेवू. दादाजी म्हणतात, थोडे दिवस रडेल, मग सवय होईल. मला बाकीचं सगळं कळतं, तेवढाच शब्द कळत नाही. कारागृहाला जेल म्हणतात, ते शाळेत सांगितलं होतं. हे पण तसंच गृह आहे का?"

"नाही गं राजा," रुचिरा म्हणाली. "वसतिगृह म्हणजे हॉस्टेल. शाळेतच राहायचं आणि सुट्टीत घरी यायचं. माझा भाऊ होता हॉस्टेलमध्ये."

"हॉस्टेल?" मुग्धा म्हणाली. तिने घरातल्या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "एवढंच? मग हॉस्टेल का नाही म्हणाले?"

याचं उत्तर ज्यांच्यापाशी होतं ते मंडळाचे अध्यक्ष होते.

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पण मी हॉस्टेललाही जाणार नाही," आणि खिचडी खायला बसली.

परीक्षकांनी चहा घेतला. इंदुमतीबाईंना दुर्गाबाईंनी मुद्दाम दोनदा विचारलं आणि त्यांनी दोन्ही वेळा घेतला. निघताना इंदुमतीबाई मधुसूदनरावांना हळूच म्हणाल्या, "पोरीचं मराठी उत्तम आहे हो. काय बोलते ते मात्र जरा..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या दिवशी दुपारभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही. बोलणार कोणत्या भाषेत? मराठी गेली, इंग्रजीही गेली, हिंदी तर पहिल्यापासूनच सगळ्यांची. सलील आणि आभाने एका खोलीत बसून एकमेकांना फोनवर संदेश पाठवून पाहिले. शेवटी आभाच फोन ठेवून बाहेर आली.

"बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली, "मी मुग्धाशी इंग्रजीत का बोलते, तुम्ही कधी विचारलं नाही."

"तिच्या शाळेसाठी," मधुसूदनराव म्हणाले.

"शाळेसाठी नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी म्हटलं, मी स्वयंपाक करून राहिले आहे. तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, करून राहिले हे मराठी नव्हे, करते आहे म्हण. सगळे हसले. माझी आई तसंच बोलायची. आम्ही सगळे तसंच बोलायचो. त्यानंतर मी ठरवलं, चूक इंग्रजीत झाली तर या घरात कुणी हसणार नाही."

मधुसूदनरावांना तो प्रसंग आठवत नव्हता. अशा दुरुस्त्या त्यांनी शेकड्यांनी केल्या होत्या. त्यांना त्या सेवा वाटत. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दुर्गाबाईंनी ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

संध्याकाळी वसतिगृहाची चर्चा पुन्हा झाली, पण या वेळी मुग्धाला मधोमध बसवून. सलीलने आपली बाजू अडखळत मांडली, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत. मुग्धाने ऐकून घेतली. मग विचारलं, "तुम्ही झाशीत शिकलात, तुमचं काय बिघडलं?" सलीलने पुष्कळ विचार केला. काय बिघडलं ते त्याला नक्की सांगता येईना, आणि काही बिघडलं नाही असंही म्हणवेना. "पुढच्या वर्षी पाहू," तो म्हणाला. या घरात 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून ठेवलेली गोष्ट आजवर कुणी पाहिलेली नव्हती, हे मुग्धा सोडून सगळ्यांना माहीत होतं. कदाचित तिलाही माहीत होतं.

आठवड्याभरात निकाल लागला. 'मायबोली कुटुंब' हा सन्मान शिरढोणकरांना. मधुसूदनराव विश्वंभरच्या घरी जाऊन नको म्हणून आले. विश्वंभरने ही गोष्ट सगळीकडे सांगितली. अध्यक्षांचा विनय पाहून मंडळ गहिवरलं आणि शाल आणखी भारी घेतली गेली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मानपत्र विश्वंभरने वाचलं. त्यात 'घरातील बालकावर मातृभाषेचे अखंड संस्कार' असं होतं. शेवटी त्याने कागद बाजूला ठेवला आणि मनापासून बोलायला लागला. "मित्रांनो, एक म्हण मी या घरातूनच शिकलो. आपल्या अध्यक्षांकडे पाहिलं की तीच ओठावर येते. उथळ पाण्याला खळखळाट फार!"

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या रांगांतल्या तरुण मंडळींनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग ज्यांना म्हण कळली होती त्यांनीही वाजवल्या, आणि त्यांच्या टाळ्या जास्त वेळ चालल्या. रुचिराने रुमाल काढून डोळे पुसले. मधुसूदनराव शाल पांघरून उठले, ध्वनिवर्धकापाशी गेले. सगळे त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होते.

"सचिवांनी जे सांगितलं ते खरं आहे," ते म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले.

त्यांचं इतकं लहान भाषण मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. काहींना त्यांची प्रकृती बरी नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मुग्धाला घेऊन लक्ष्मी ताल या तळ्यावर फिरायला गेले. काठच्या देवळात महालक्ष्मीचं दर्शन झालं आणि दोघं काठावर बसले. मधुसूदनरावांनी मनाशी ठरवलं होतं की आज ही विचारो न विचारो, आपण मराठीतच बोलायचं. पण बोलायचं काय, हे त्यांना सुचेना. या पोरीशी मराठीत बोलायचा त्यांना सराव नव्हता.

"पाणी हिरवं झालंय," ते अखेर म्हणाले. "शेवाळ साचलंय."

"शेवाळ म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. मग तिने काठावरच्या चिखलातल्या खेकड्याचं नाव विचारलं, गवतावर उडणाऱ्या फुलपाखराचं विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं. या पोरीला घटस्फोट माहीत होता, चिकटपणा माहीत होता, रक्तदाब माहीत होता. फुलपाखरू माहीत नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की फुलपाखरू तिच्यापासून कुणी कधी लपवलंच नव्हतं.

पाण्यात उभ्या असलेल्या एका वठलेल्या झाडावर एक काळा पक्षी दोन्ही पंख पसरून बसला होता, उन्हाला तोंड करून, अजिबात न हलता.

"तो कोणता?" मुग्धाने विचारलं.

मधुसूदनरावांनी चष्मा पुसून पाहिलं. जन्मभर या तळ्यावर त्यांनी तो पक्षी पाहिला होता.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

"मराठीत ठाऊक नाही?"

"कुठल्याच भाषेत ठाऊक नाही."

मुग्धा थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. "मग आपण त्याला वाळत घातलेला कावळा म्हणू या?"

पक्ष्याला कुणी वाळत घालत नाही, तो आपला आपण पंख वाळवतो, असं मधुसूदनरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"म्हणू या," ते म्हणाले.